कपड्याला लागलेली कुसळे कशी काढावी?



पावसाळ्यात आपले शिवार कसे हिरवेगार असते! गवत मऊ असते. त्यातून कितीही चाला, कपड्याला काही लागत नाही. पण दसरा-दिवाळी झाली की तेच गवत वाळते आणि त्याच्या बिया पिकतात. मग सहलीला जा, टेकडीवर जा, नाहीतर पांदणीने वावरात जा. घरी येईपर्यंत पँट, परकर, मोजे सगळे कुसळांनी भरून जाते. आपल्या वर्धा जिल्ह्यात बोरचे जंगल आहे, गिरडची टेकडी आहे. तिथे दिवाळीनंतर गवतातून पायी चालले की असेच होते.

पुष्कळ मुले कुसळे हाताने झटकतात. झटकून निघाली नाही तर धरून ओढतात. त्याने कुसळ निघत नाही, तुटते. टोक कपड्यातच राहते आणि दिवसभर टोचते. असे का होते? कारण प्रत्येक बी वेगळ्या रीतीने चिकटते. ती कशी चिकटली हे आधी पाहावे आणि मग काढावी. हीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे.

बिया का चिकटतात?

झाडाला पाय नसतात. पण त्याच्या बिया दूर गेल्या पाहिजेत. सगळ्या बिया झाडाखालीच पडल्या तर रोपांना ऊन, पाणी पुरणार नाही. म्हणून रुईची बी कापसासारखी उडते. तेरड्याची शेंग फुटून बी लांब फेकते. वडाची फळे पाखरे खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. आणि कुसळ, आघाडा, गोखरू काय करतात? ते आपल्या कपड्यावर, गाईच्या शेपटीवर, मेंढीच्या लोकरीत बसून जातात. एस. टी. मध्ये बिनतिकीट बसावे तसे!

१. कुसळ

कुसळी गवत टेकडीवर आणि पडीक जमिनीत फार असते. त्याचे कुसळ नीट पाहा. पुढे सुईसारखे टणक टोक असते. मागे लांब काळपट शेपटी असते. टोकावर बारीक, राठ केस असतात आणि ते सगळे मागे वळलेले असतात. म्हणून कुसळ पुढे सहज सरकते, पण मागे येत नाही. शेपटीला धरून ओढले की ते केस कपड्याच्या धाग्यात अडकतात. मग शेपटी हातात येते आणि टोक आत राहते.

आमचे आबाजी म्हणतात, "पोरी, शेपटीले धरून ओढू नको. डोक्याकडून काढ." म्हणजे कपडा उलटा करायचा, टोक आतून बाहेर आलेले दिसते, ते चिमटीत धरायचे आणि पुढच्या पुढे ओढून घ्यायचे. सगळे कुसळ शेपटीसकट सुळकन निघून येते. कपडा पण फाटत नाही.

आणखी एक गंमत आहे. एक वाळलेले कुसळ पाटीवर ठेवा आणि त्याच्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. शेपटी हळूहळू फिरू लागते! वाळलेली असताना तिला पीळ असतो. ओली झाली की पीळ सुटतो. पुन्हा वाळली की पुन्हा पीळ बसतो. असे फिरत फिरत कुसळ जमिनीत शिरते, सुतारकाकांचा गिरमिट लाकडात शिरतो तसे. आपल्या कपड्यात पण ते असेच शिरते. म्हणून कुसळे लागलेला कपडा तसाच पाण्यात भिजवू नये. आधी कोरडा असतानाच कुसळे काढावी, मग धुवावा.

हे गवत वाईट आहे असे मात्र समजू नका. कोवळे असताना ढोरे ते आवडीने खातात. आपल्या जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा या भागात गवळाऊ जातीच्या गाई पाळतात. जनावरे पाळणाऱ्यांना ठाऊक असते की कुसळ धरायच्या आत गवत चारावे किंवा कापावे. कुसळ पिकले की ते ढोराच्या तोंडात टोचते आणि मेंढीच्या तर लोकरीतून कातडीत शिरते.

२. आघाडा

आघाडा सगळ्यांना माहीत आहे. गणपतीच्या पत्रीत आपण त्याची पाने आणतो. तेव्हा तो मऊ असतो. पुढे त्याला लांब तुरा येतो. तुऱ्यावरची फळे खाली वळलेली असतात आणि त्यांना बारीक टोके असतात. आपण जवळून गेलो की ती कपड्याला लागतात आणि तुऱ्यावरून सुटून येतात.

आघाडा खोल शिरत नाही, वरवर बसतो. म्हणून एकेक काढत बसायची गरज नाही. कपडा ताणून धरावा आणि जुनी फणी किंवा पुठ्ठ्याची कड त्यावरून एकाच दिशेने खरडत न्यावी. कपडा सैल असेल तर आघाडा निघत नाही, नुसता सरकतो. म्हणून एकाने कपडा धरावा आणि दुसऱ्याने खरडावे.

३. मोठा गोखरू

याला शंकेश्वर पण म्हणतात. हा नदीच्या काठी, तलावाच्या गाळात आणि उकिरड्याजवळ होतो. फळ बोराच्या बीसारखे लांबट असते आणि त्यावर सगळीकडे काटे असतात. काट्याचे टोक गळासारखे वळलेले असते. मासा गळाला लागतो तसा आपला कपडा त्या काट्याला लागतो.

गोखरू सरळ ओढला तर धागा ओढला जातो. स्वेटरला तर मोठे भोकच पडते. त्याला दोन्ही बाजूंनी धरून हळूच एका कडेने उचलावे. एका बाजूचे गळ सुटले की दुसऱ्या बाजूचे आपोआप सुटतात. मुलींच्या केसात गोखरू अडकला तर आधी केसाला तेल लावावे. केस वरून घट्ट धरावे म्हणजे दुखत नाही. मग खालच्या टोकाकडून थोडे थोडे केस मोकळे करावे. कात्री घ्यायची गरज पडत नाही.

गोखरूच्या एका फळात दोन बिया असतात. एक आधी उगवते आणि दुसरी मागून उगवते. पहिले रोप उपटले तरी दुसरी बी जमिनीत राहते. किती हुशार झाड आहे पाहा! पण त्याचे दोन पानांचे कोवळे रोप विषारी असते. ते ढोरांना खाऊ देऊ नये.

अशाच एका काटेरी फळावरून एक मोठा शोध लागला. स्वित्झर्लंड देशात जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा एक इंजिनियर होता. १९४१ साली तो कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेला होता. त्याच्या कपड्याला आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळे चिकटली. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्याला बारीक बारीक गळ दिसले. त्यावरून त्याने दोन पट्ट्या बनवल्या. एकीवर गळ आणि दुसरीवर दोऱ्याचे फास. त्या एकमेकींना चिकटतात. तीच आपल्या बुटाची आणि दप्तराची चर्र वाजणारी पट्टी. तिला वेलक्रो म्हणतात. ती पट्टी उघडताना आपण एका कडेने उचलतो ना? गोखरू पण तसाच काढायचा.

४. सराटे

सराटा जमिनीवर पसरतो. त्याला पिवळे फूल येते. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला ताठ काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. तो कपड्यापेक्षा चपलेला आणि पायाला जास्त लागतो. सायकलचे चाक पण पंक्चर होते. सराट्याच्या काट्याला गळ नसतो. म्हणून तो ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने सरळ उपसावा. म्हणजे कुसळाच्या अगदी उलट! पायाला लागला तर काढल्यावर पाय साबणाने धुवावा. घरात जायच्या आधी चपलेचा तळ पाहावा, नाहीतर तो काटा लहान भावाबहिणीच्या पायात जातो.

सहलीला जाताना काय करावे?

गवतातून जायचे असेल तर गुळगुळीत आणि दाट विणीचे कपडे घालावे. लोकरीचा स्वेटर आणि विणलेले मोजे यांना सगळ्यात जास्त कुसळे लागतात. पँट लांब असावी. पायवाटेने एकामागे एक चालावे, बाजूच्या गवतात शिरू नये. पिशवीत एक जुनी फणी, एक चिमटा आणि एक कागद ठेवावा. मधेमधे थांबून कुसळे काढावी. घरी येईपर्यंत ती खोल जातात. सोबत कुत्रा असेल तर त्याचे कान आणि बोटांमधली जागा पण पाहावी. त्याला बिचाऱ्याला सांगता येत नाही.

डोळ्यात गेले तर

हे नीट वाचा. आमच्या आबाजीच्या डाव्या डोळ्यात फूल पडले आहे. ते तरुण होते तेव्हा गवत कापताना त्यांच्या डोळ्याला कुसळ लागले. त्यांनी डोळा चोळला. मग कोणीतरी पाल्याचा रस टाकला. डोळा लाल झाला, तरी ते दोन-चार दिवस तसेच कामावर गेले. आता त्या डोळ्याने त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

गवत डोळ्याला लागले तर बुबुळावर जखम होते. त्या जखमेत बुरशी वाढू शकते आणि बुबुळ पांढरे पडते. म्हणून डोळा चोळू नये. रुतलेले कुसळ आपण स्वतः काढू नये. तेल, दूध, रस काही टाकू नये. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणून टाकू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. आई रागावेल म्हणून लपवून ठेवू नका. लगेच सांगा.

काढलेली कुसळे कुठे टाकावी?

आपण ती अंगणात, शाळेच्या मैदानात किंवा वावराच्या धुऱ्यावर टाकून देतो. तेच तर त्या झाडाला पाहिजे असते! पुढच्या पावसात ती तिथेच उगवतात आणि मग वावरात शिरतात. निंदण कोणाला करावे लागते? आपल्या आईला, काकूला. पऱ्हाटीत, सोयाबीनमध्ये दिवसभर वाकून त्या निंदतात. संध्याकाळी आईची कंबर धरलेली असते. मी आघाडा काढायला बसले की आई आधीच सांगते, "इथं झटकू नको वं माय, मलेच निंदावं लागते."

म्हणून काढलेली सगळी कुसळे, आघाडा आणि गोखरू कागदात जमा करावे. मग तो कागद आंघोळीचे पाणी तापवायच्या चुलीत टाकायला मोठ्या माणसाजवळ द्यावा. बी जळली की उगवत नाही.

तर मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. कुसळ टोकाकडून, आघाडा फणीने, गोखरू कडेने आणि सराटा सरळ काढावा. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, अशी म्हण आहे. आपल्या पाठीवरची कुसळे आपल्याला खरोखरच दिसत नाहीत. म्हणून सहलीहून आल्यावर आपण एकमेकांच्या पाठीवरची काढून देऊ.

— वर्ग ४ था