सुरक्षा-चाचणीचे वाक्य आणि त्यातील कारके

एखादे यंत्र सुरक्षित आहे की नाही हा प्रश्न अभियंत्याचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, यंत्राची चाचणी प्रयोगशाळेत होत असली तरी ते वापरात आणावयाचा निर्णय बैठकीत होतो. आणि बैठकीपुढे असते ते चाचणीविषयीचे वाक्य. विमान, अवकाशयान किंवा खोल समुद्रात उतरणारे जलयान यांच्या बाबतीत निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ चाचणी डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाक्यात काय टिकले आणि काय गळाले, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. गेल्या चार दशकांतील चार दुर्घटनांच्या आधारे या गळतीचे स्वरूप स्पष्ट करावयाचे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘चाचणी झाली’ हे मराठी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘होणे’ हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे ‘चाचणी’ हाच शब्द येथे कर्त्याच्या जागी बसतो आणि चाचणी करणारा माणूस वाक्याबाहेर राहिला तरी कानाला काही उणे वाटत नाही. परंतु अर्थाच्या दृष्टीने पाहिले, तर या वाक्याने आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेले नसते. पाणिनीय परंपरेत क्रियेच्या सिद्धीशी संबद्ध असलेल्या घटकांना कारके म्हणतात. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण ही ती सहा कारके होत. त्यांपैकी चार आपल्या विषयाला विशेष उपयोगी आहेत: चाचणी कोणी केली, कशाची केली, कोणत्या साधनाने केली आणि कोणत्या परिस्थितीत केली. पुढील चारही प्रकरणांत यांपैकी एकेक कारक लुप्त किंवा विकृत झालेले दिसेल.

अधिकरण : कोणत्या परिस्थितीत?

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाला जोडलेले घन इंधनाचे दोन अग्निबाण तुकड्यातुकड्यांनी तयार होत व उड्डाणस्थळी जोडले जात. प्रत्येक सांध्यात रबरासारख्या द्रव्याची दोन कडी बसविलेली असत. प्रज्वलनाच्या क्षणी अंतर्गत दाबाने सांधा किंचित फाकतो. त्या वेळी कड्याने तत्काळ प्रसरण पावून फट बुजवावी, अशी ही रचना होती. थंडीत मात्र हे द्रव्य ताठर होते. अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल या कंपनीने १९८५ साली केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, सुमारे ३८ अंश सेल्सिअसला कड्याचा संपर्क सुटत नाही. २४ अंशांला तो सुमारे अडीच सेकंद सुटतो. आणि १० अंशांला तो दहा मिनिटांतही पुन्हा जुळत नाही.

उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत कंपनीच्या अभियंत्यांनी, १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये, अशी शिफारस केली. तोवरचे सर्वांत थंड उड्डाण त्याच सुमारास, म्हणजे जवळजवळ १२ अंशांला, झालेले होते, आणि त्यात पहिल्या कड्याच्या पलीकडे काजळी सापडली होती. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीला आक्षेप घेतला. कंपनीच्या व्यवस्थापकांनी स्वतंत्र विचारविनिमय केला आणि शिफारस मागे घेतली. दुसऱ्या दिवशी हवेचे उष्णतामान अवघे दोन अंशांच्या आसपास असताना यान सोडण्यात आले.

येथे दोन भाषिक घटना लक्षात घ्यावयास हव्यात. ‘यापूर्वी चोवीस वेळा अवकाशयाने गेली आणि परतली’ हे विधान अक्षरशः खरे होते. मात्र त्यात अधिकरण नव्हते. त्या चोवीसांपैकी एकही उड्डाण अशा थंडीत झालेले नव्हते, त्यामुळे त्या रात्रीच्या प्रश्नाला ते उत्तरच होऊ शकत नव्हते. दुसरी घटना अधिक सूक्ष्म आहे. पूर्वीच्या काही उड्डाणांत कड्याची झीज त्याच्या त्रिज्येच्या एकतृतीयांशापर्यंत गेली होती. यावरून ‘सुरक्षा-गुणक तीन आहे’ असे म्हटले गेले. पुलाच्या तुळईचा सुरक्षा-गुणक तीन आहे याचा अर्थ, अपेक्षित भाराच्या तिप्पट भार येईपर्यंत ती तुळई मोडणार नाही. अपेक्षित भाराखालीच तुळईला एकतृतीयांश खोलीची चीर पडली, तर तिथे गुणक उरला असे कोणी म्हणणार नाही. ती तुळई निकामी ठरली, असेच म्हणेल. कड्याच्या रचनेत झीज मुळीच अपेक्षित नव्हती. चौकशी आयोगाचे सदस्य, पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या स्वतंत्र परिशिष्टात हा विपर्यास नेमका दाखवून दिला. संज्ञा प्रतिष्ठित होती. तिच्या वापराच्या अटी मात्र मागे राहिल्या होत्या. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रक्रियेला जे नाव दिले, त्याला मराठीत ‘विचलनाचे सामान्यीकरण’ म्हणता येईल: दोष आढळतो, अपघात होत नाही, आणि तो दोषच हळूहळू नेहमीचा म्हणून स्वीकारला जातो.

करण : कोणत्या साधनाने?

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ या यानाच्या उड्डाणाच्या वेळी बाहेरील इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. यान अवकाशात असतानाच या आघाताचा अंदाज करण्यात आला. त्यासाठी वापरलेले गणिती साधन ज्या प्रयोगांवर उभारले होते, त्यांतील तुकडे अगदी लहान होते. प्रत्यक्ष तुकडा आकारमानाने त्यांच्या शेकडो पटींनी मोठा होता. ‘विश्लेषण केले, धोका आढळला नाही’ अशा आशयाचे वाक्य वरपर्यंत गेले. साधनाची मर्यादा सादरीकरणात नोंदलेली होती, परंतु निष्कर्षाच्या वाक्यातून ती निसटली. यानाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची विनंतीही पुढे गेली नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान विदीर्ण झाले. कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा त्यात अंत झाला.

त्याच वर्षी जुलै महिन्यात टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे पंखाच्या कडेच्या खऱ्या भागावर तशाच फेसाचा तुकडा वायुतोफेने त्या वेगाने आदळविण्यात आला. त्या आघाताने कडेला मोठे भगदाड पडले. खऱ्या पदार्थावर खऱ्या आकाराचा आघात करून पाहणे अशक्य नव्हते. ते दुर्घटनेनंतर झाले, एवढेच.

कर्म : कशाची?

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग कंपनीची ‘७३७ मॅक्स’ या जातीची दोन विमाने कोसळली. अनुक्रमे १८९ व १५७ माणसे मृत्यू पावली. या विमानाची इंजिने आधीच्या विमानांपेक्षा मोठी व थोडी पुढे बसविलेली असल्यामुळे विशिष्ट स्थितीत विमानाचे नाक वर उचलले जाण्याची प्रवृत्ती होती. ती आवरण्यासाठी ‘एमकॅस’ नावाची स्वयंचलित यंत्रणा योजण्यात आली. ती एका वेळी एकाच संवेदकावर विसंबत होती. तो चुकीचा कोन सांगू लागला की यंत्रणा विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली ढकली.

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालात कंपनीतील २०१३ सालच्या एका अंतर्गत बैठकीची नोंद आहे. या यंत्रणेला नवीन कार्य म्हणून पुढे मांडले, तर प्रमाणन व वैमानिकांचे प्रशिक्षण यांचा भार वाढेल. यास्तव बाहेर तिचा उल्लेख जुन्याच एका यंत्रणेची भर म्हणून करावा, असा तिचा आशय होता. नामकरणाच्या अभ्यासकाने या नोंदीपाशी थांबले पाहिजे. वस्तू तीच राहते, नाव बदलते, आणि नावाबरोबर तपासणीची कक्षा बदलते. ‘नवीन यंत्रणा’ म्हटले असते, तर ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली असती, ते प्रश्न ‘भर’ या शब्दाने उपस्थितच होऊ दिले नाहीत. पहिला अपघात होईपर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत या यंत्रणेची माहितीही नव्हती.

कर्ता : कोणी?

१८ जून २०२३ रोजी ‘टायटॅनिक’ जहाजाच्या अवशेषांकडे निघालेले ‘टायटन’ हे लहान जलयान अटलांटिक महासागरात दाबाने चिरडले गेले व आतील पाचही माणसे मरण पावली. हे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोल आहेत. तेथे पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे ३८० पट असतो. ‘टायटन’चा मधला नळकांडीसारखा भाग कार्बन-तंतूंचा होता. असे यान सामान्यतः एखाद्या स्वतंत्र वर्गीकरण-संस्थेकडून आराखड्यापासून बांधणीपर्यंत तपासून घेतले जाते. ‘ओशनगेट’ या कंपनीने तसे केले नाही. उलट, अशा वर्गीकरणामुळे नवनिर्मितीचा वेग मंदावतो, असे समर्थन २०१९ साली जाहीरपणे केले. २०१८ मध्ये सुरक्षिततेविषयी लेखी हरकत घेणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला काढून टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी या क्षेत्रातील तिसाहून अधिक जाणकारांनी व्यक्त केलेली चिंताही व्यर्थ गेली.

परिणामी यान रचणारा, चालविणारा, तपासणारा आणि ते योग्य ठरविणारा असा एकच कर्ता उरला. जुलै २०२२ मधील एका फेरीत मोठा आवाज झाला व त्यानंतर भिंतीवरील ताणाच्या नोंदी बदलल्या. या नोंदींचा अर्थ लावण्यास बाहेरचा माणूस नव्हता. प्रवाशांना ‘मोहीम-विशेषज्ञ’ म्हणण्याचा प्रघातही येथे उल्लेखनीय आहे. ‘प्रवासी’ हा शब्द आला की त्याच्या रक्षणाचे कायदे येतात. शब्द टाळला की कायद्याची पकड सैल होते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला आहे.

मराठीच्या दृष्टीने

या चारही प्रकरणांत भाषा हे दुर्घटनेचे मूळ कारण होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वेळापत्रकाचा ताण, स्पर्धा, खर्च आणि अधिकाराची उतरंड ही कारणे होतीच. तथापि या कारणांना निर्णयापर्यंत पोहोचण्यासाठी वाट लागते, आणि ती वाट अपुऱ्या वाक्यांनी तयार होते. प्रत्येक शक्यतेची चाचणी घेणे कोणालाच साध्य नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु न घेतलेली चाचणी ‘घेतली नाही’ या शब्दांत नोंदविणे सर्वांना साध्य आहे.

मराठीत या विषयाचे लेखन व भाषांतर वाढत आहे, म्हणून आपल्या शब्दांकडेही पाहावयास हवे. चाचणी, तपासणी, परीक्षण, कसोटी आणि प्रमाणन हे शब्द आपल्या वृत्तलेखनात सरमिसळ होऊन येतात. वस्तुतः त्यांत भेद करणे शक्य आहे. ‘कसोटी’ हा शब्द संस्कृत ‘कषपट्टिका’ या शब्दापासून आलेला असून सोने घासून पाहावयाचा दगड हा त्याचा मूळ अर्थ आहे. या क्रियेत हिणकस सोने हिणकस ठरण्याची शक्यता गृहीतच असते; कस कमी निघाला तर दगडाला दोष देता येत नाही. म्हणून जिचा निकाल प्रतिकूल लागू शकतो आणि ज्या मर्यादेला तो प्रतिकूल मानावयाचा ती मर्यादा आधी ठरलेली असते, अशाच क्रियेला ‘कसोटी’ म्हणावे. नुसते चालवून पाहणे ही ‘चाचणी’, ठरलेल्या बाबी जागेवर आहेत की नाहीत हे पाहणे ही ‘तपासणी’, आणि स्वतंत्र अधिकाऱ्याने जबाबदारीने दिलेला निर्वाळा हे ‘प्रमाणन’. ही विभागणी अंतिम आहे असे नाही. पण भेद राखण्याची सवय तरी तिने लागेल.

दुसरी गोष्ट कर्मणी व भावे रचनांची. ‘आवश्यक त्या चाचण्या घेण्यात आल्या’ ही आपल्या कार्यालयीन मराठीतील अत्यंत रूढ वाक्यरचना आहे. ‘घेण्यात येणे’ या प्रयोगाने कर्ता झाकला जातो आणि ‘आवश्यक त्या’ या दोन शब्दांनी कर्म झाकले जाते. करण व अधिकरण यांचा तर प्रश्नच येत नाही. भाषांतर करणाऱ्याच्या हातून अशी रचना सहज, केवळ सफाईच्या मोहाने, होऊन जाते. मूळ अहवालातील ‘अमुक उष्णतामानाला’, ‘अमुक नमुन्यावर’ हे अडखळणारे शब्द प्रथम गळतात. नेमके तेच शब्द राखावयाचे असतात.

पदव्युत्तर अभ्यासकांना या विषयात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. पूल, धरणे, उद्वाहक, औषधे, रेल्वे यांच्या सुरक्षिततेविषयी मराठीत प्रसिद्ध होणारी निवेदने गोळा करावीत, प्रत्येक वाक्यातील चार कारके शोधावीत आणि न सापडलेल्या कारकांची नोंद करावी. वाक्यविचाराचा असा अभ्यास वर्गात अवघड नाही. अहवाल वाचून सही करणाऱ्याने मात्र तो सही करण्यापूर्वी केला पाहिजे, कारण ज्याला त्या यंत्रात बसावयाचे आहे, त्याच्या हाती अहवाल येत नाही.