वर्गाचा गट आणि घरांतला फोन

पूर्वीं मास्तरांची चिठ्ठी आईच्या हातीं पडण्याआधीं दप्तरांत दोन दिवस विसावा घेई. आतां तोच निरोप व्हॉट्सॲपवर क्षणार्धांत घरीं येतो. २०२० सालीं टाळेबंदींत शाळा बंद पडल्या, तेव्हां पुष्कळ घरीं अभ्यास याच वाटेनें पोंचला.

शिक्षकांचाहि यांत लाभ आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं खेड्यांतून परदेशच्या वर्गांशीं आंतरजालावरून संवाद साधला. २०२० सालीं त्यांना दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. आडगांवच्या एकट्या गुरुजींनाहि 'अपूर्णांक कसे शिकवूं?' हें आज दूरदूरच्या सहव्यवसायी बंधूंना विचारतां येतें.

पण हा निरोप मुलाच्या हातीं येत नाहीं, वडील माणसांच्या येतो, हें आमच्या ध्यानांत उशिरां आलें. एका सायंकाळीं धाकट्या पुतण्याच्या वर्गाच्या गटावर गृहपाठ न केलेल्या पांच मुलांचीं नांवें आलीं. त्यांत आमचा बाळू! भावजींनीं तीं दिवाणखान्यांत मोठ्यानें वाचलीं. जेवतांना आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत प्रत्येकानें त्याला एकेक प्रश्न विचारला, आणि पोर अर्ध्या ताटावरून उठलें. आदल्या रात्रीं त्याला ताप होता, हें कोणाच्याच स्मरणांत नव्हतें; माझ्याहि नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं जाऊबाईंनीं त्याच्या बाईंना वेगळा निरोप पाठविला. यादी टाकल्यावर आपल्यालाहि तें खटकलें, असें त्यांनीं मोकळेपणानें कळविलें. आतां सहल, सुट्टी, परीक्षा एवढेंच गटावर येतें. मुलाची चूक ज्याच्या त्याच्या घरीं कळविली जाते. आणि भावजी तो निरोप आधीं बाळूला दाखवितात.