अधांतरी फिरणारें हृदय

मनुष्याचें हृदय मुठीएवढें, परंतु त्याचा उद्योग अचाट आहे. एका दिवसांत तें सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें. वर्षाकांठीं ही संख्या साडेतीन कोटींच्या वर जाते. मनुष्य निजतो, हृदय निजत नाहीं. म्हणून कृत्रिम हृदय घडविणाऱ्याची खरी परीक्षा रक्त ढकलण्यांत नाहीं. तें काम एका क्षणाचाही खाडा न करतां वर्षानुवर्षें चालविण्यांत आहे.

या परीक्षेंत पूर्वसूरींना थोडेंच यश आलें. १९६९ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें डेंटन कूली यांनीं मानवी देहांत पहिलें संपूर्ण कृत्रिम हृदय बसविलें. तें सुमारें ६४ तास चाललें. १९८२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें रॉबर्ट जार्व्हिक यांच्या नांवानें ओळखलें जाणारें हृदय एका रोग्यास बसविण्यांत आलें. तो ११२ दिवस जगला; पण हृदयास हवा पुरविणाऱ्या अवजड यंत्राशीं तो नळ्यांनीं जखडलेला होता, आणि इस्पितळाचा उंबरठा त्यास पुन्हा ओलांडतां आला नाहीं. या हृदयाची घडण निसर्गाच्या नमुन्यावर होती. लवचीक पडदा हवेनें फुगे व मिटे, झडपा उघडत व लागत. असा पडदा वर्षांतून कोट्यवधि वेळां वांकला, म्हणजे केव्हां तरी तो झिजावयाचाच.

ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील डॅनियल टिम्स या यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यानें २००१ सालीं हाच प्रश्न हातीं घेतला. त्यामागें घरचें दुःख होतें. त्यांच्या वडिलांना हृदयविकाराचा जबर झटका आला होता. वडील नळकामाचे कारागीर. पाण्याचा ओघ व दाब यांची विद्या त्या घरांत जुनीच होती. बाजारांत मिळणाऱ्या नळ्या व झडपा जोडून बापलेकांनीं रक्ताभिसरणाची एक प्रतिकृति उभारली, आणि तींत पाणी खेळवून पंपाचे पहिले प्रयोग केले.

टिम्स यांनीं हृदयाचें कार्य तेवढें उचललें, त्याची हालचाल उचलली नाहीं. विहिरीवरची मोट भरते, रिती होते, पुन्हा भरते. तिचें कातडें विटतें. फिरत्या पात्यांचा पंप मात्र पाणी अखंड ओढतो. टिम्स यांचें हृदय मोटेच्या जातीचें नव्हे, पंपाच्या जातीचें. टायटेनियमच्या मुठीएवढ्या डबींत एकच चक्र. विद्युच्चुंबक त्यास अधांतरी धरितात व फिरवितात. तें कोठेंही टेकत नाहीं, म्हणून घासत नाहीं. पडदा नाहीं, झडप नाहीं. हलणारा भाग एवढा एकच.

येथें एक अडचण होती. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते, डावी सर्व शरीरास पुरविते. उजवीनें धाडलेलें रक्त डावीनें उचललें नाहीं, तर तें फुप्फुसांत सांचून रोगी गुदमरेल. टिम्स यांनीं एकाच चक्राच्या दोन्ही अंगांस पाती बसविलीं. चुंबकांच्या आधारें चक्र किंचित् इकडे वा तिकडे सरकलें, कीं एका बाजूचा उपसा वाढतो व दुसरीचा घटतो; तराजूच्या दांडीप्रमाणें दोहोंचा मेळ राखला जातो.

परंतु नाडीवांचून मनुष्य जगेल काय? २०११ सालीं ह्यूस्टन येथें बड फ्रेझर व बिली कोन या शल्यवैद्यांनीं अखंड फिरणारे दोन पंप एका मरणोन्मुख रोग्याच्या छातींत बसविले होते. त्याची नाडी लागत नसे, तरी तो सावध होता, बोलत होता, आणि सुमारें पांच आठवडे जगला. पुढें हे दोघे टिम्स यांचे साह्यकर्ते झाले. शिवाय चक्राचा वेग क्षणोक्षणीं कमीअधिक करून नाडीसारखें स्पंदनही उत्पन्न करतां येतें.

ज्यांच्यासाठीं हा खटाटोप मांडला, ते वडील मात्र यंत्र सिद्ध होण्यापूर्वींच वारले. टिम्स यांनीं काम सोडलें नाहीं. जर्मनी, जपान, अमेरिका असा प्रवास करीत, प्राण्यांच्या देहांत प्रयोग करीत वर्षें लोटलीं. अखेर ९ जुलै २०२४ रोजीं ह्यूस्टन येथें हें हृदय प्रथम मनुष्यास बसविण्यांत आलें. आठ दिवसांनीं त्या रोग्यास दात्याचें हृदय लाभलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळांत चाळिशींतील एका गृहस्थास तें बसविलें, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत हा गृहस्थ नियंत्रक यंत्र व विद्युत्घट सोबत घेऊन इस्पितळाबाहेर चालत गेला. दात्याचें हृदय मिळेपर्यंत तो या यंत्रावर १०० हून अधिक दिवस जगला.

हे सर्व प्रयोग दात्याच्या हृदयाची वाट पाहतांना करावयाची सोय म्हणून झाले. टिम्स यांचें ध्येय याहून दूरचें आहे: ज्यांना दाता मिळत नाहीं, त्यांना हेंच हृदय जन्मभर पुरावें. वर्षानुवर्षांची ती परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. एके काळीं बापलेकांनीं नळ्यांतून खेळविलेलें पाणी एका अनोळखी माणसाच्या धमन्यांतून रक्तरूपानें वाहिलें, एवढें मात्र घडून चुकलें.