समान मोटार, असमान संधी

क्रांती चौकातून जालना रस्त्याने पूर्वेस निघाले की चिकलठाण्यापुढे शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. २००१ पासून तेथे स्कोडा मोटारींची जुळणी होऊ लागली. पुढे २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला उभा राहिला आणि २०१० मध्ये याच कंपनीने भारतात ‘पोलो कप’ ही शर्यतमालिका सुरू केली. पहिल्याच हंगामात डिझेल इंजिनाच्या, एकाच बनावटीच्या पोलो मोटारी सर्व स्पर्धकांच्या हाती देण्यात आल्या.

एकाच बनावटीच्या शर्यतीचे तत्त्व साधे आहे. मोटार, इंजिन, टायर सर्वांना सारखे. श्रीमंताने अधिक पैसे ओतून अधिक वेगवान यंत्र आणावे, ही सोय नियमच बंद करतात. मग उरते ते चालकाचे कसब: वळणाआधी ब्रेक नेमका कोठे दाबावा, टायर किती जपावेत, पुढच्याला कोठे गाठावे. १९७९ मध्ये युरोपात बीएमडब्ल्यू एम-१ मोटारींच्या ‘प्रोकार’ मालिकेत फॉर्म्युला वनचे नामवंत चालकही इतरांबरोबर एकसारख्या गाड्यांत बसले. त्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद निकी लाउडाने मिळविले.

शिक्षकांना हे तत्त्व परिचयाचे वाटेल. परीक्षागृहात प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते. परंतु परीक्षागृहापर्यंत कोण कोणत्या वाटेने पोहोचला, हे ती सांगत नाही. शर्यतीचेही तसेच आहे. लहानपणापासून कार्टिंगचा सराव, अग्निरोधक पोशाख, प्रवास, मुक्काम हा सारा खर्च आरंभरेषेच्या अलीकडचा असतो, आणि मध्यमवर्गीय कुटुंबास तो झेपणारा नाही. त्यातच देशातील शर्यतींचे जुने पथ चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूर येथे. मोटारी घडविणाऱ्या महाराष्ट्रात मात्र मोटारशर्यतीचा पूर्ण लांबीचा कायमस्वरूपी पथ दीर्घकाळ नव्हता. कारखाना घराशेजारी आणि मैदान हजार किलोमीटरवर, अशी ही स्थिती होती.

ही श्रीमंतांची हौस आहे, शासनाने तिची चिंता का वाहावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पिण्याच्या पाण्याआधी शर्यतपथ कोणी मागणार नाही. परंतु ज्या तरुणांस वेगाचे आकर्षण आहे, त्यांस सुरक्षित जागा न मिळाल्यास ते रहदारीचा रस्ताच पथ मानतात, आणि त्याची किंमत निरपराध पादचाऱ्यास मोजावी लागते. मोटार उद्योगाने अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहाय्याने कार्टिंगचा एखादा साधा पथ आणि निवडचाचणीवर आधारलेल्या काही शिष्यवृत्त्या दिल्या, तरी आरंभ होईल.

समान मोटार देणे ही न्यायाची अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी आरंभरेषेच्या अलीकडे आहे, आणि ती चालून गेल्याखेरीज निकालास खरा अर्थ येणार नाही.