टाळेबंदीतील घर : जमत गेले, पण कोणी जमविले?

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीत २०२० पूर्वीही होता. परंतु तो औद्योगिक कलहाच्या परिभाषेतील होता. मालकाने कारखान्याला कुलूप लावावे आणि कामगाराला बाहेर ठेवावे, हा त्याचा रूढ अर्थ. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही ही कल्पना याच अर्थाने आलेली आहे. मार्च २०२० मध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थाने घरोघरी पोहोचला. आता माणूस दाराच्या आत होता आणि उरलेले जग बाहेर होते. शब्दार्थातील हा बदल लक्षात घेतला, म्हणजे त्या काळातील गृहजीवनाचा अभ्यास कोठून सुरू करावा हे उमगते. कारखाना बंद झाला की तेथील काम थांबते. २०२० मध्ये मात्र शाळा, कचेरी, खानावळ, व्यायामशाळा व मंदिर यांची दारे बंद झाली, आणि त्यांतील बरेचसे काम न थांबता घरात आले. घराने हा भार कसा पेलला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साथीच्या काळात घराकडे पाहण्याची दृष्टी नेहमीच अशी नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत व पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा घर हेच रोगाचे स्थान मानले गेले. सैनिकांनी घरे तपासली, माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेले. पुढील साथींत लोक आपण होऊन गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहू लागले. ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याच्या छायेत हे घडले, त्याच कायद्याचा आधार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये घेतला. आदेश मात्र उलट होता. तेव्हा घर सोडणे ही सुरक्षितता होती, आता घर न सोडणे ही सुरक्षितता ठरली. या आदेशामागे एक गृहीत होते : प्रत्येकाला घर आहे, आणि ते घर चोवीस तास सर्वांना सामावून घेण्याइतके मोठे आहे.

प्रथम काळाचा विचार करू. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हा गुढीपाडव्याचा होता. अनेक घरी गुढी उभारली गेली. पण फुले व साखरेच्या गाठी बाजारातून आणता आल्या नाहीत. पंचांगातील दिवस आला, परंतु त्याला दिवसपण देणारा सार्वजनिक व्यवहार आला नाही. पुढील काही आठवड्यांत सर्वांना जो वारांचा विसर पडू लागला, त्याचे मूळ येथेच आहे. शहरवासीयाचा दिवस त्याच्या मनाने आखलेला नसतो. लोकलची वेळ, शाळेची घंटा, कचेरीचा हजेरीपट यांनी तो आखलेला असतो. मुंबईची उपनगरी गाडी मार्चच्या अखेरीस थांबली आणि सर्वसामान्य प्रवाशांना ती १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत मिळाली नाही. एवढा काळ लक्षावधी माणसांचे घड्याळच जणू काढून घेतले गेले. रिकाम्या झालेल्या या जागी घराने स्वतःच्या खुणा रोविल्या. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा अनेक कुटुंबांना पुन्हा एक ठरलेली वेळ मिळाली. परंतु सर्वांत बळकट खूण ठरली ती जेवणाची. चहा, न्याहारी, दोन वेळचे जेवण यांवर दिवस उभा राहिला. आणि जेवणाची वेळ ही आपोआप होत नसते. ती कोणीतरी करावी लागते, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न जागेचा. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ३७.१ टक्के कुटुंबांकडे राहावयास एकच खोली होती. अशा खोलीत एरवी जागेची वाटणी काळाने होते : कामावर गेलेल्याची जागा शाळेतून आलेल्याला मिळते. गिरणगावातील गाळ्यांत कामगार पाळीपाळीने झोपत, ती व्यवस्थाही याच तत्त्वावर चालली. टाळेबंदीत सर्वजण एकाच वेळी घरात आले आणि ही वाटणी मोडली. शिवाय चाळीतील वा वस्तीतील घर उंबरठ्यापाशी संपत नाही. गॅलरी, सामाईक नळ, सार्वजनिक शौचालय हे त्या घराचेच भाग होत. मग ‘घरातच राहा’ या आदेशाचे पालन तेथे नेमके कसे करावे? मध्यमवर्गीय घरातील अडचण निराळी होती. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५९ मध्ये मांडलेला दर्शनी भाग आणि पडद्यामागचा भाग हा भेद तेथे एका भिंतीपुरता उरला. कॅमेऱ्यासमोरची भिंत स्वच्छ केली गेली; तिच्याबाहेरचा पसारा, कुकरची शिटी आणि मुलाचे रडणे यांना गप्प करण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपविले गेले.

तिसरा आणि माझ्या मते निर्णायक प्रश्न श्रमाचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेली कालविनियोग पाहणी टाळेबंदीच्या अगदी तोंडावरची असल्याने येथे विशेष उपयुक्त आहे. सहा वर्षे व त्यांवरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के व पुरुषांपैकी २६.१ टक्के विनामोबदला घरकाम करीत होते. आणि ते करणाऱ्यांत स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषाचा ९७ मिनिटे वेळ जात होता. अशा विषम पायावर टाळेबंदीचे वाढीव काम येऊन पडले. घरकामगार स्त्रियांना अनेक गृहसंकुलांत प्रवेश बंद झाला : त्यांची मजुरी बुडाली आणि त्यांचे काम दुसऱ्या स्त्रीकडे गेले. पुरुष स्वयंपाकघरात आले, हेही खरे. परंतु हौस आणि नित्यकर्म यांत भेद केला पाहिजे. एखादा नवा पदार्थ करून पाहणे ही हौस. रोजच्या पोळ्या, भांडी आणि उद्याच्या भाजीची चिंता हे नित्यकर्म. पहिल्याची छायाचित्रे निघाली, दुसऱ्याची निघाली नाहीत. ज्या घरांत मारहाण होती, तेथे तर दाराबरोबर सुटकेची वाटही बंद झाली. राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

ज्यांचे घर दूरच्या गावी होते, त्यांना तर जमवून घेण्यास घरच नव्हते. जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. टाळेबंदीतील गृहजीवनाच्या इतिहासातून या सोळा जणांना वगळता येणार नाही. कारण त्यांची वाटचाल घराकडेच होती.

त्या दिवसांविषयी आज विचारले असता बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : ‘सुरुवातीला जड गेले, मग हळूहळू जमत गेले.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्याही पाहण्याजोगे आहे. ‘जमणे’ हे अकर्मक क्रियापद. त्यात जमविणाऱ्याचे नाव येत नाही. स्मृती अशा वाक्यांत गोठली, की घर ही एक गुणी वस्तू भासू लागते आणि त्यातील माणसांचे कष्ट दिसेनासे होतात. पुढील साथीत पुन्हा तेच गृहीत धरले जाईल, हा त्यातील खरा धोका होय.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. कुटुंबप्रमुखाची एकच मुलाखत पुरेशी मानू नये. घरातील प्रत्येकास वेगवेगळे विचारावे. प्रश्नही ‘कसे जमले?’ असा नसावा. घरात एकच मोबाइल होता, तर वर्गाच्या वेळी तो कोणाच्या हाती होता? सर्वांत आधी कोण उठत असे? दार लावून बसण्याची मुभा कोणाला होती? ही उत्तरे देणाऱ्यांच्या आठवणी दर वर्षी पुसट होत आहेत. त्या नोंदविण्याचे काम आताच हाती घेतले पाहिजे.