'व्हर्टिगो'ची कोणती सीडी घ्यावी?

जुन्या हॉलिवूडपटांच्या पार्श्वसंगीताचा नाद लागला की पहिली अडचण खरेदीची. एकाच चित्रपटाच्या नावाने तीन-चार आवृत्त्या मिळतात: एकीवर 'मूळ', दुसरीवर 'रिमास्टर्ड', तिसरीवर भलत्याच वाद्यवृंदाचं नाव. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) घेऊन हा गुंता सोडवू, कारण त्यात जवळजवळ सगळंच सापडतं.

संगीत बर्नार्ड हर्मनचं. पण तेव्हा अमेरिकेत वादकांचा संप होता, म्हणून ध्वनिमुद्रण लंडनला गेलं आणि संचालन म्यूर मॅथिसनकडे. तिथल्या वादकांनीही संपाला पाठिंबा देत काम थांबवलं, तेव्हा उरलेला भाग व्हिएन्नात झाला. लंडनचा भाग स्टिरिओत, व्हिएन्नाचा मोनोत. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणात एखाद्या तुकड्यात वाद्यवृंद डावी-उजवीकडे पसरलेला असतो आणि पुढच्यात मधोमध एकवटतो. सीडी खराब नाही. मालच तसा आहे.

रिमास्टरिंग म्हणजे या जुन्या मिश्रित टेपवरून नव्याने आवाज उतरवून घेणं, खरखर आणि टिकटिक कमी करणं, खर्ज-तार यांचा तोल साधणं, आवाजाची पातळी ठरवणं. वाजवणारे तेच, लयही तीच. मोनोतून खरा स्टिरिओ मात्र यातून निघत नाही. रीमिक्स वेगळं. त्यात वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित झालेली वाद्यं पुन्हा मिसळतात, म्हणून एखादं हॉर्न पुढे येऊ शकतं. तिसरा प्रकार पुनर्मुद्रणाचा: नवा वाद्यवृंद, नवा संचालक. जोएल मॅकनीलीने नव्वदच्या दशकात रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून 'व्हर्टिगो' असाच वाजवून घेतला. आवाज स्वच्छ, ऐसपैस. तरीही एकच घ्यायची असेल तर मी मॅथिसनची घेईन. चित्रपटातला अस्वस्थपणा त्याच वादनात आहे.

संगीतकाराने स्वतः पुन्हा वाजवलं, म्हणजे ते मुळाच्या जवळ गेलंच असंही नाही. हर्मनने 'सायको'चं केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं संगीत १९७५ मध्ये नॅशनल फिलहार्मोनिककडून करवून घेतलं, तेव्हा लय चित्रपटातल्यापेक्षा संथ झाली. स्वरलेखनातले बारकावे त्यात छान दिसतात, पण न्हाणीघरातली सुरी मात्र थोडी बोथट वाटते.

चित्रपट १९५० च्या आधीचा असेल तर माझं मत उलटतं. तेव्हा आवाज फिल्मवर प्रकाशरेषेच्या रूपात नोंदवत. वरचे स्वर त्यात पुरते उतरत नसत, आणि जे फिल्मवर आलंच नाही ते रिमास्टरिंग आणणार कुठून? एरिक कॉर्नगोल्डचं 'द सी हॉक' (१९४०) घ्यायचं तर चार्ल्स गेरहार्टने लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये केलेलं, १९७२ मध्ये निघालेलं पुनर्मुद्रण घ्यावं. निर्माता होता कॉर्नगोल्डचाच मुलगा जॉर्ज. तिथली पितळी वाद्यं ऐकल्यावर मूळ फिल्मच्या आवाजाची आठवण केवळ अभ्यासापुरती राहते.

दोन रिमास्टरमध्ये निवड करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. जोरात वाजणारं नेहमी बरं भासतं, आणि नव्या आवृत्त्या बऱ्याचदा हळुवार भाग वर उचलून सगळंच जोरकस करतात. मग मोठा उठाव येतो तेव्हा उठायला जागाच उरत नाही. खरखरीचंही असंच. ती आणि व्हायोलिनची वरची चमक एकाच पट्टीत राहतात, म्हणून खरखर फार पुसली की तारांवरचा गजही पुसट होतो. तेव्हा सुरुवातीचा दणका सोडून एखाद्या संथ तुकड्याचा शेवट ऐका: वादक थांबल्यावर दालनातला नाद हळूहळू विरतो, की कात्रीने कापल्यासारखा तुटतो. तुटत असेल तर आधीची, थोडी खरखरणारी सीडी ठेवा.