पायाभूत भूमितीतील परिभाषेचे अध्ययन : रेषा, कोन व बहुभुजाकृती यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : भूमिती, परिभाषा, रेषा, कोन, बहुभुजाकृती, माध्यमांतर

प्रस्तावना :

गणिताच्या अध्यापनात सूत्रे, उदाहरणे व सिद्धता यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे परिभाषेला दिले जात नाही. संज्ञा ही एकदा सांगून पाठ करून घेण्याची गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः भूमितीत संज्ञा म्हणजे केवळ आकृतीला दिलेले नाव नव्हे. त्या नावात व्याख्या सामावलेली असते आणि व्याख्येतूनच पुढील सर्व तर्क निघतात. संज्ञेचा अर्थ निसटला की तर्काची पहिली पायरीच निखळते.

हा प्रश्न केवळ प्राथमिक शाळेचा नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञान शाखेत किंवा तंत्रनिकेतनात प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या जवळची भूमितीची सर्व शब्दसंपत्ती एका दिवसात निरुपयोगी ठरल्यासारखी होते. त्याला समांतर रेषांचे गुणधर्म ठाऊक असतात, पण 'ट्रान्सव्हर्सल' म्हणजे आपली 'छेदिका' हे ठाऊक नसते. अशा विद्यार्थ्याची चूक भाषेची असते, परंतु तिची नोंद मात्र गणिताच्या खात्यावर होते. महाविद्यालयीन अध्यापकांनी या विषयाकडे लक्ष देण्याचे कारण हेच होय.

लेखाची उद्दिष्टे :

१) पायाभूत भूमितीतील मराठी संज्ञांची घडण स्पष्ट करणे.
२) व्यवहारातील अर्थ व शास्त्रीय अर्थ यांतील अंतरामुळे होणाऱ्या चुकांचे विवेचन करणे.
३) मराठी, हिंदी व इंग्रजी परिभाषेतील विसंगती दाखवून अध्यापनासाठी काही उपाय सुचविणे.

१. परिभाषेचा वारसा :

'भूमिती' हा शब्द भूमी मोजण्याच्या कृतीतून आला असून ग्रीक 'जॉमेट्री' या शब्दाचाही अर्थ तोच आहे. आज शाळेत वापरल्या जाणाऱ्या अनेक संज्ञा प्राचीन संस्कृत ग्रंथांतून आलेल्या आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. ११५०) या ग्रंथात भुज, कोटी, कर्ण, लंब हे शब्द नित्य वापरात आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाच्या आश्रयाखाली सम्राट जगन्नाथ यांनी युक्लिडच्या ग्रंथाचे अरबीवरून संस्कृतात भाषांतर केले, ते 'रेखागणित' या नावाने ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची पुस्तके मराठीत आणली गेली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय व १९६७ मध्ये 'बालभारती' ही संस्था स्थापन झाली आणि शालेय परिभाषेला एकसूत्रीपणा आला. म्हणजेच आजची परिभाषा एका काळात, एका व्यक्तीने घडविलेली नाही. तिच्यातील काही विसंगतींचे मूळ या दीर्घ इतिहासात आहे.

२. रेषा, किरण आणि रेख :

व्यवहारात पट्टीने ओढलेल्या कोणत्याही सरळ रेघेला 'रेषा' म्हटले जाते. भूमितीत मात्र रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते. एका बिंदूपासून निघून एकाच दिशेने अमर्याद जाणारा तो किरण आणि दोन अंत्यबिंदूंनी मर्यादित झालेला तो रेषाखंड, अर्थात रेख. वहीवर काढलेली आकृती या तिन्ही प्रसंगी जवळपास सारखीच दिसते. फरक असतो तो टोकांना दाखवलेल्या बाणांचा व त्यामागील कल्पनेचा. 'रेषेची लांबी मोजा' असे वाक्य वर्गात सहज बोलले जाते, परंतु लांबी असते ती रेखेची. रेषेला लांबी सांगता येत नाही.

हा भेद सूक्ष्म वाटला तरी त्याचे परिणाम दूरवर जातात. समांतर रेषा म्हणजे एकाच प्रतलात असून एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा. विद्यार्थ्याच्या मनात 'रेषा' म्हणजे वहीतील रेघ असेल, तर पानावर एकमेकींना न मिळालेल्या दोन तिरप्या रेघाही त्याला समांतर वाटतात. त्या दोन्ही अमर्याद वाढविल्या असता कोठे तरी छेदतील, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण 'रेषा' या शब्दातील अमर्यादपणा त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

३. कोन आणि कोनांच्या जोड्या :

कोन म्हणजे समान आरंभबिंदू असलेल्या दोन किरणांनी तयार झालेली आकृती. तो आरंभबिंदू हा शिरोबिंदू आणि ते किरण या कोनाच्या भुजा होत. मापानुसार ९०° पेक्षा लहान तो लघुकोन, ९०° चा काटकोन, ९०° व १८०° यांच्या दरम्यानचा विशालकोन, १८०° चा सरळ कोन आणि १८०° पेक्षा मोठा पण ३६०° पेक्षा लहान तो प्रविशाल कोन.

'लघु' व 'विशाल' ही विशेषणे व्यवहारातील आकारमानाशी जोडलेली असल्यामुळे लांब भुजा काढलेला ४०° चा कोन अनेक विद्यार्थ्यांना मोठा वाटतो आणि आखूड भुजांचा १२०° चा कोन लहान वाटतो. भुजा हे किरण आहेत, म्हणून त्यांच्या लांबीचा प्रश्नच उद्भवत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. किरणाची व्याख्या नीट झाली असेल तर हे स्पष्टीकरण एका वाक्यात होते. नसेल तर ते वारंवार करावे लागते.

संज्ञा अचूक असेल तर ती चूक पकडण्याचे साधनही बनते. कोनमापकावर दोन मापनश्रेणी असतात व ६०° च्या जागी १२०° वाचण्याची चूक नेहमी होते. मोजण्यापूर्वी 'हा लघुकोन आहे' असे विद्यार्थ्याने स्वतः म्हटले असेल, तर १२०° हे उत्तर तो आपणहून नाकारतो.

ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज ९०° असते त्यांना परस्परांचे कोटिकोन आणि ज्यांची बेरीज १८०° असते त्यांना पूरककोन म्हणतात. 'कोटिकोन' हा शब्द विद्यार्थ्यांना परका वाटतो, कारण कोटी म्हणजे शंभर लाख एवढाच अर्थ त्यांना परिचित असतो. परंतु भारतीय गणितात काटकोन पूर्ण करणाऱ्या भागासाठी 'कोटी' ही संज्ञा जुनी आहे आणि 'कोटिज्या' म्हणजे कोटिकोनाची ज्या. इंग्रजीतील 'कोसाइन' या शब्दाचीही घडण अशीच आहे. अकरावीत त्रिकोणमिती शिकविताना हा दुवा दाखवला, तर साइन व कोसाइन यांचा परस्परसंबंध पाठ करण्याची गरज उरत नाही.

व्यवहारात समानार्थी असणारे शब्द भूमितीत वेगळे होतात, याचेही भान हवे. दोन रेषा छेदल्या असता समोरासमोर येणारे कोन ते विरुद्ध कोन आणि ते नेहमी एकरूप असतात. चौकोनात समोरासमोर असणारे कोन ते संमुख कोन आणि ते एकरूप असतीलच असे नाही. 'समोरचा' या एकाच बोलीतील शब्दाने दोन्ही दाखविले, की एकाचा गुणधर्म दुसऱ्याला चिकटतो.

४. बहुभुजाकृतींची नावे :

मराठीत जातिवाचक संज्ञा भुजांवरून आहे, बहुभुजाकृती. परंतु त्या जातीतील व्यक्तींची नावे कोनांवरून आहेत : त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन. पुन्हा त्रिकोणाचे प्रकार सांगताना समभुज, समद्विभुज, विषमभुज अशी भुजांची गणना येते. बाजू व कोन यांची संख्या बहुभुजाकृतीत समान असल्याने यातून तार्किक दोष निर्माण होत नाही. मात्र हे कारण विद्यार्थ्यांना सांगितले जावे. तसेच कोनाची 'भुजा' म्हणजे किरण, तर बहुभुजाकृतीची 'बाजू' अथवा भुज म्हणजे रेख, हा भेदही दाखवावा.

सर्वाधिक गोंधळ चौकोनांच्या नावांत होतो. बोलीत 'चौकोनी फरशी' म्हटले की बहुधा चौरस फरशी अभिप्रेत असते. भूमितीत मात्र चार बाजूंची कोणतीही बंदिस्त आकृती चौकोन होय. 'समभुज त्रिकोण' या नावात केवळ बाजूंची समानता सांगितलेली असली तरी त्याचे कोनही एकरूप असतात. तोच न्याय लावून 'समभुज चौकोन' म्हणजे चौरस, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो. त्रिकोणात बाजू ठरल्या की कोन ठरतात, चौकोनात ते ठरत नाहीत, हे येथील मर्म आहे. चार समान काड्या टोकांना सैलसर जोडून तयार केलेली चौकट दाबली असता तिरपी होते, तीन काड्यांची होत नाही. एवढ्या प्रयोगाने ही गोष्ट पटते.

याउलट दुसरी चूक म्हणजे चौरस हा समभुज चौकोन नाही अथवा आयत नाही, असे मानणे. या चुकीला अडाणीपणा म्हणता येणार नाही. खुद्द युक्लिडने इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास केलेल्या व्याख्यांमध्ये काटकोन असलेली पण बाजू समान नसलेली आकृती तो आयत, असे वर्गीकरण होते. त्याच्या दृष्टीने चौरस हा आयत नव्हता. आधुनिक गणिताने समावेशक व्याख्या स्वीकारल्या, कारण आयताविषयी सिद्ध केलेले प्रमेय चौरसाला आपोआप लागू व्हावे. व्याख्या ही सोयीची, पण विचारपूर्वक केलेली निवड असते, हे विद्यार्थ्यांना याच ठिकाणी दाखविता येते.

'समलंब चौकोन' हे नावही विचार करण्यासारखे आहे. त्यात समांतर हा शब्द नाही. वरच्या दोन शिरोबिंदूंपासून पायावर टाकलेले लंब समान असतात, म्हणून तो समलंब. लंब समान आहेत याचाच अर्थ वरची बाजू पायाला समांतर आहे. म्हणजे नावाची फोड हीच गुणधर्माची सिद्धता ठरते.

'कर्ण' ही संज्ञा मराठीत दोन ठिकाणी येते : काटकोन त्रिकोणातील सर्वांत मोठी बाजू आणि बहुभुजाकृतीतील लगत नसलेल्या दोन शिरोबिंदूंना जोडणारा रेख. आयताचा कर्ण काढला असता तोच दोन काटकोन त्रिकोणांचा कर्ण होतो. पंचकोनाच्या एका शिरोबिंदूतून दोन कर्ण निघतात व तीन त्रिकोण होतात, म्हणून त्याच्या आंतरकोनांची बेरीज ३ × १८०°, म्हणजे ५४०° येते. कर्णाचा अर्थ कळला की हे सूत्र पाठ करावे लागत नाही.

५. तीन भाषांमधील विसंगती :

मराठी विद्यार्थी हिंदी पुस्तकेही वाचतो. लिपी एकच असल्याने शब्दही एकच आहेत, असा त्याचा समज होतो. परंतु मराठीत १८०° बेरजेला 'पूरक' म्हणतात, तर हिंदीत ९०° बेरजेला 'पूरक' व १८०° बेरजेला 'संपूरक' म्हणतात. दोन पूरक कोनांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर मराठी वाचकाचे उत्तर ६०° व १२०° येईल, हिंदी वाचकाचे ३०° व ६०°. दोघांची आकडेमोड निर्दोष असूनही उत्तरे भिन्न असतील. मराठी 'काटकोन' हिंदीत 'समकोण', मराठी 'चौरस' हिंदीत 'वर्ग', मराठी 'एकरूप' हिंदीत 'सर्वांगसम' आणि बहुभुजाकृतीचा 'कर्ण' हिंदीत 'विकर्ण' होतो. इंग्रजीतही एकवाक्यता नाही. मराठी समलंब चौकोनाला ब्रिटिश वापरात 'ट्रॅपेझियम', तर अमेरिकन वापरात 'ट्रॅपेझॉइड' म्हणतात. शिवाय मराठी 'कोन' आणि इंग्रजी 'कोन' हे उच्चाराने जवळचे, पण दुसऱ्याचा अर्थ शंकू आहे. आइस्क्रीमच्या कोनामुळे अर्ध-इंग्रजी माध्यमातील वर्गात हा घोटाळा होऊ शकतो.

६. अध्यापनविषयक विचार :

डच अध्यापक पिएर व्हॅन हिले व डिना व्हॅन हिले-गेल्डॉफ यांनी १९५७ मध्ये भूमितीय विचाराच्या पातळ्यांची उपपत्ती मांडली. तिचा महत्त्वाचा भाग असा, की प्रत्येक पातळीची स्वतंत्र भाषा असते. अध्यापक 'चौरस' हा शब्द व्याख्येच्या पातळीवर वापरतो, विद्यार्थी तो दिसण्याच्या पातळीवर ऐकतो. शब्द एक असूनही संवाद होत नाही. चौरस ४५° ने फिरवून काढला की त्याला 'पतंग' किंवा 'हिरा' म्हणणारा विद्यार्थी याचे उदाहरण होय. या दृष्टीने पुढील उपाय सुचविता येतील.

१) आकृत्या नेहमी आडव्या पायावर न काढता वेगवेगळ्या स्थितींत काढाव्यात.
२) प्रत्येक संज्ञेसोबत उदाहरण व अपउदाहरण दोन्ही द्यावीत.
३) संज्ञेची फोड करून तिच्यातील व्याख्या विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी. 'बाकोबा', 'कोबाको' ही एकरूपतेच्या कसोट्यांची नावे मुले विसरत नाहीत, कारण नावातच बाजू व कोनांचा क्रम आहे.
४) अकरावी व पदविका प्रथम वर्षाच्या आरंभी मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तीन स्तंभांची शब्दसूची देऊन तिच्यावर दोन तासिका खर्च कराव्यात.
५) उत्तरपत्रिका तपासताना संज्ञेची चूक व तर्काची चूक यांची वेगळी नोंद ठेवावी.

निष्कर्ष :

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांमधून अभियांत्रिकी पदवी शिक्षणास मान्यता दिली आहे. त्यामुळे माध्यमांतराचा प्रश्न आता दोन्ही दिशांनी येणार आहे. मराठी परिभाषा दुर्बोध आहे, अशी तक्रार वारंवार केली जाते. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की कोटिकोन, समलंब, छेदिका यांसारख्या संज्ञा स्वतःचा अर्थ स्वतः सांगणाऱ्या आहेत. दुर्बोधता आहे ती शब्द न फोडता पाठ करून घेण्याच्या पद्धतीत. विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळला, तर भाषा बदलली तरी त्याची भूमिती त्याच्याजवळ राहते. तो कळला नाही, तर कोणत्याही माध्यमात त्याच्या हाती केवळ नावांची यादी उरते.